फ्लॉरेन्स नाइटिंगेल : एक परिचारिका, अनेक वाटा

मुलांनो,

मोठेपणी तू कोण होणार, हा प्रश्न तुम्हांला आजी-आजोबा विचारतात, काका-मावशी विचारतात, आणि सुट्टीत भारतात गेलात की शेजारच्या काकूसुद्धा विचारतात. उत्तरे बहुधा ठरलेली असतात. डॉक्टर, इंजिनिअर, वैमानिक. एखाद्याने शास्त्रज्ञ म्हटले तर कौतुक होते. पण समजा, तुमच्यापैकी एखादीने किंवा एखाद्याने सांगितले, की मी नर्स होणार, तर? बऱ्याच घरांत क्षणभर शांतता पसरेल. मग कोणीतरी प्रेमाने समजावील, की एवढे चांगले मार्क पडतात, तर डॉक्टरच का होत नाहीस?

आज ज्या बाईंची गोष्ट सांगायची आहे, त्यांच्या घरीही अशीच शांतता पसरली होती, आणि ती तब्बल आठ वर्षे टिकली. त्या बाईंचे नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल. रात्रीच्या वेळी हातात दिवा घेऊन जखमी शिपायांमधून फिरणारी परिचारिका, असे त्यांचे चित्र तुम्ही पाहिले असेल. पण त्या चित्रातला काळ म्हणजे नव्वद वर्षांच्या आयुष्यातली जेमतेम दोन वर्षे. उरलेल्या वर्षांत त्यांनी काय केले ते पाहिले, की लक्षात येते, परिचारिकेचे काम म्हणजे एकच अरुंद गल्ली नव्हे. तो अनेक रस्ते फुटणारा चौक आहे. आणि त्यातला पहिला रस्ता इथून, जर्मनीतून, ऱ्हाईन नदीच्या काठावरून निघाला.

गोष्ट लहानपणापासून सुरू करायची आहे, म्हणून आपण त्यांना नुसते फ्लॉरेन्स म्हणू.

शहराचे नाव मुलीला

फ्लॉरेन्सचे आईवडील श्रीमंत इंग्रज होते. लग्नानंतर ते इटलीच्या लांबलचक प्रवासाला गेले. तिथे त्यांना दोन मुली झाल्या. थोरली नेपल्स शहरात जन्मली, म्हणून तिला त्या शहराचे जुने ग्रीक नाव दिले, पार्थेनोपी. धाकटी १२ मे १८२० रोजी फ्लॉरेन्स शहरात जन्मली, म्हणून ती फ्लॉरेन्स.

इंग्लंडमध्ये या कुटुंबाची दोन मोठी घरे होती. नोकरचाकर होते, बागा होत्या. वडिलांना वाचनाची फार आवड. त्या काळी मुलींना गाणे, भरतकाम आणि थोडे फ्रेंच शिकवले म्हणजे पुरे, असे मानीत. पण या वडिलांनी आपल्या मुलींना स्वतः लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि इतिहास शिकवला. फ्लॉरेन्सला गणिताचे वेड होते. आकड्यांचे तक्ते करणे हा तिचा छंदच होता. पुढे या भाषा आणि हे आकडे तिच्या किती उपयोगी पडले, ते आपण पाहूच. शनिवारी सकाळी झोप मोडून दुसरी भाषा शिकायला येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे!

१८३७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, फ्लॉरेन्सला वाटले, की देवाने आपल्याला काही कामासाठी बोलावले आहे. काम कोणते, ते मात्र तिला कळले नव्हते. गावातल्या गरीब घरांत कोणी आजारी पडले, की ती जाऊन बसत असे, औषधपाणी करीत असे. हळूहळू तिला उमगले, की आपले काम हेच. पण नुसती माया असून भागत नाही, हेही तिला दिसत होते. रोग्याची काळजी घेणे हे शिकावे लागते. पण ते शिकणार कुठे?

घरातला नकार

१८४५ साली, पंचविसाव्या वर्षी, तिने घरी विचारले, की जवळच्या सॉल्झबरी गावातल्या इस्पितळात काही महिने राहून मी काम शिकू का? घरात जणू वीज पडली. आई संतापली, बहिणीने रडून गोंधळ घातला, वडिलांना वाईट वाटले.

आईवडील दुष्ट होते का? नाही. त्यांची भीती समजून घेतली पाहिजे. त्या काळची इस्पितळे आजच्यासारखी नव्हती. ज्यांच्याकडे पैसे होते ते घरीच उपचार घेत. इस्पितळात जात ते गरीब, आणि त्यांतले पुष्कळ परत येत नसत. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा माहीत नव्हते. खोल्या कोंदट असत, चादरी बदलल्या जात नसत. रोग्यांजवळ काम करणाऱ्या बायकांना शिक्षण नसे, पगार तुटपुंजा असे, आणि त्या दारू पितात अशी त्यांची ख्याती होती. अशा ठिकाणी आपली लाडकी मुलगी पाठवायला कोणती आई तयार होईल?

फ्लॉरेन्सने भांडून घर सोडले नाही. पण हट्टही सोडला नाही. पहाटे घरातले सगळे झोपलेले असताना ती मेणबत्तीच्या उजेडात इस्पितळांचे अहवाल वाचू लागली, त्यांतले आकडे वहीत उतरवू लागली. सकाळी न्याहारीला ती घरची शहाणी मुलगी होऊन हजर असे. एका चांगल्या घरच्या लेखकाने तिला कित्येक वर्षे मागणी घातली होती. तो तिला आवडतही होता. तरी १८४९ साली तिने त्याला नकार दिला. संसार आणि हे काम एकाच वेळी होणार नाही, असे तिला त्या काळात वाटले.

ऱ्हाईनकाठचे छोटे गाव

१८४६ साली लंडनमधले प्रशियाचे राजदूत बुन्सेन यांनी तिला एक जर्मन वार्षिक अहवाल वाचायला दिला. तो काइझर्सवेर्थ नावाच्या गावातल्या एका संस्थेचा होता. तुमच्यापैकी जे ड्युसेलडोर्फजवळ राहतात त्यांना हे नाव माहीत असेल. आज हा ड्युसेलडोर्फचाच एक भाग आहे. तेव्हा ते नदीकाठचे वेगळे लहान गाव होते.

त्या गावात १८२२ साली टेओडोर फ्लीडनर हे तरुण पाद्री आले. थोड्याच दिवसांत गावातली मखमलीची गिरणी बुडाली आणि लोक कंगाल झाले. चर्च चालवायला पैसे उरले नाहीत, म्हणून फ्लीडनर मदत गोळा करायला हॉलंड व इंग्लंडला गेले. तिथे त्यांनी तुरुंगांची आणि गरिबांची कामे पाहिली. परत आल्यावर १८३३ साली त्यांनी व त्यांच्या पत्नी फ्रीडेरिके यांनी तुरुंगातून सुटलेल्या बायकांना आसरा दिला, तोही आपल्या बागेतल्या एका लहानशा घरात. १८३६ साली त्यांनी रुग्णालय सुरू केले आणि तिथे स्त्रियांना रोग्यांची सेवा शिकवू लागले. या स्त्रियांना डायकोनिस म्हणत. एका डॉक्टरची मुलगी, गेर्ट्रूड राइखार्ट, ही त्यांतली पहिली. पाहता पाहता बालवाडी, अनाथालय आणि शिक्षिकांची शाळा अशा संस्था उभ्या राहिल्या.

म्हणजे पाहा, सभ्य घरातल्या स्त्रिया इस्पितळात काम करतात, ते नीट शिकतात, आणि लोक त्यांना मान देतात, असे एक ठिकाण खरोखर अस्तित्वात होते. फ्लॉरेन्सला तेच हवे होते. तिने तो अहवाल लपवून ठेवला व पुनःपुन्हा वाचला. जर्मन येत होते म्हणूनच ना तो तिला वाचता आला!

१८५० साली ओळखीच्या कुटुंबाबरोबर इजिप्त आणि ग्रीसचा प्रवास करून परत येताना तिने काइझर्सवेर्थला दोन आठवडे काढले. घरी कळल्यावर पुन्हा रागावणे झाले. पण १८५१ साली थोरली बहीण आजारी होती आणि तिला घेऊन आई कार्ल्सबादला पाण्याच्या उपचारासाठी निघाली. त्या प्रवासाच्या आडोशाने फ्लॉरेन्सला तीन महिने काइझर्सवेर्थला राहायची परवानगी मिळाली. अट एकच, की बाहेर कोणाला कळता कामा नये. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती.

मोठ्या घरातली ही मुलगी पहाटे पाच वाजता उठू लागली. दिवसातून चार वेळा साधे खाणे, आणि प्रत्येक खाण्याला दहा मिनिटे. जखमा बांधणे, औषधे देणे, मरणाऱ्या रोग्याजवळ बसणे, शस्त्रक्रियेच्या वेळी उभे राहणे. आजारातून उठलेल्या मुलांना घेऊन ती ऱ्हाईनच्या काठी फिरायलाही जात असे. आईला तिने पत्रातून कळवले, की मी इथे सुखी आहे, आणि मला तुझा आशीर्वाद हवा आहे. तो मात्र अजून मिळायचा होता.

पुढे म्हातारपणी फ्लॉरेन्सने खरे तेच सांगितले, की काइझर्सवेर्थमधले रोग्यांच्या सेवेचे शिक्षण फार कच्चे होते आणि स्वच्छता तर वाईटच होती. पण तिथल्या माणसांइतकी निर्मळ निष्ठा आपण दुसरीकडे पाहिली नाही. तिथून तिने कौशल्यापेक्षा विश्वास आणला, की हे काम असे करता येते. संस्थेची माहिती देणारी एक पुस्तिका तिने त्याच वर्षी नाव न घालता छापली. तिचे पहिले छापील लेखन ते.

जिना, घंटा आणि गरम पाणी

१८५३ साली लंडनमध्ये आजारी शिक्षिकांसाठी असलेल्या एका लहान रुग्णालयाची ती प्रमुख झाली. वडिलांनी तिला दरवर्षी ५०० पौंड द्यायचे कबूल केले. घरातली आठ वर्षांची शांतता अखेर मोडली.

इथे तिने काय केले? रोग्यांचे जेवण वर नेण्यासाठी हाताने ओढायचा लहान पाळणा बसवला. गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर नेले. रोग्याने दोरी ओढली की नर्सजवळ घंटा वाजेल, अशी सोय केली. कारण साधे होते. नर्स दिवसभर जिने चढत उतरत राहिली, तर रोग्याजवळ बसणार कधी? खर्च, धान्य, कोळसा, चादरी यांचा हिशेब ती स्वतः पाही. रुग्णालय चालवणे ही परिचारिकेची एक स्वतंत्र वाट आहे, हे इथे दिसले.

उस्कुदारची बराक

१८५३ साली रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध सुरू झाले. पुढच्या वर्षी इंग्लंड व फ्रान्स तुर्कांच्या बाजूने त्यात उतरले. यालाच क्रिमियाचे युद्ध म्हणतात. जखमी आणि आजारी इंग्रज शिपायांना काळा समुद्र ओलांडून इस्तंबूलजवळ स्कुटारीला आणीत. तुमच्या वर्गातल्या तुर्की मित्रमैत्रिणींना विचारा. स्कुटारी म्हणजे आजचे उस्कुदार. तिथल्या एका प्रचंड बराकीचे इस्पितळ केले होते. ती बराक अजून उभी आहे.

शिपायांचे हाल वर्तमानपत्रांत छापून आले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट फ्लॉरेन्सला ओळखत होते. त्यांनी तिला परिचारिकांची तुकडी घेऊन जाण्याची विनंती केली. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ३८ स्त्रियांसह ती स्कुटारीला पोचली.

सैन्यातल्या डॉक्टरांना ही मंडळी नकोच होती. त्यांनी सुरुवातीला काम दिले नाही. फ्लॉरेन्सने आपल्या बायकांना थांबायला सांगितले. डॉक्टर बोलावतील तेव्हाच जायचे. तोवर पट्ट्या शिवायच्या, हलके अन्न शिजवायचे. थोड्याच दिवसांत जखमींची रीघ लागली आणि डॉक्टरांनीच त्यांना हाक मारली. मग तिने स्वयंपाकघर उभे केले, कपडे धुण्याची सोय केली, ब्रश, शर्ट, चमचे विकत आणले. रात्री ती दिवा घेऊन रांगांमधून फिरे. तो दिवा चित्रात दाखवतात तसा अल्लाउद्दीनचा नव्हता. कागदी घडीचा तुर्की कंदील होता.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्या पुस्तकांत असते. आता जी सांगायची आहे ती फार थोड्या पुस्तकांत असते.

फ्लॉरेन्स पोचल्यावर माणसे मरायची थांबली नाहीत. उलट त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये इस्पितळात आलेल्या दर शंभर रोग्यांमागे सुमारे ४२ दगावत होते. मार्च महिन्यात इंग्लंडहून स्वच्छतेची पाहणी करणारे पथक आले. बराकीच्या खाली तुंबलेली गटारे होती. पथकाने ती साफ करवली, घाण उचलली, भिंतींना चुना लावला, हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण शंभरामागे सुमारे दोनवर आले.

मुलांनो, माया होती, कष्ट होते, दिवा होता. तरी गटार तुंबलेले होते तोवर माणसे मरत राहिली.

आकड्यांनी सांगितलेले सत्य

ऑगस्ट १८५६ मध्ये फ्लॉरेन्स इंग्लंडला परतली. घरोघरी तिची चित्रे लागली होती. तिला मिरवणुका नको होत्या, म्हणून ती गुपचूप घरी आली. युद्धात तिला कडक ताप आला होता, आणि त्या आजाराने पुढे तिला अनेक वर्षे अंथरुणाला खिळवले.

विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाबरोबर बसून तिने युद्धातल्या मृत्यूंचा हिशेब मांडला. आधी तिला वाटत होते, की शिपाई उपाशी, थकलेले आणि फार उशिरा येत होते म्हणून गेले. आकडे वेगळे बोलत होते. जखमांनी थोडे मेले होते. टाळता येण्यासारख्या रोगांनी कितीतरी जास्त मेले होते. आणि तिच्या स्वतःच्या स्कुटारीच्या इस्पितळात मृत्यूचे प्रमाण फार भयंकर होते.

सारा देश जिला देवी मानत होता, तिच्यापुढे दोन रस्ते होते. गप्प राहावे, किंवा सांगावे. तिने सांगितले. मंत्र्यांना आकड्यांची पाने वाचायला वेळ नसतो, हे ओळखून तिने चित्र काढले. वर्षाचे बारा महिने म्हणजे वर्तुळाच्या बारा पाकळ्या. रोगाने मेलेले निळ्या रंगात, जखमांनी मेलेले लाल रंगात, इतर कारणांनी मेलेले काळ्या रंगात. पाहणाऱ्याला एका नजरेत निळा रंगच दिसे. १८५८ साली लंडनच्या आकडेशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतले. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री. आज रुग्णालयांत संसर्ग किती झाला, कुठून झाला, याची नोंद ठेवून तो रोखणाऱ्या खास परिचारिका असतात. त्यांची वाट इथून सुरू होते.

अंथरुणातून चाललेले काम

यानंतर पन्नास वर्षांहून अधिक काळ फ्लॉरेन्स जगली. बराच काळ ती खोलीत, बहुतेक वेळ पलंगावर होती. पण तिच्या लेखणीला विश्रांती नव्हती.

१८५९ साली तिने इस्पितळे कशी बांधावीत आणि रोग्याची काळजी कशी घ्यावी, यावर दोन पुस्तके लिहिली. १८६० साली लोकांनी जमवलेल्या निधीतून लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. एक वर्ष शिक्षण, राहण्याची सोय, आणि शिकून झालेल्या मुली दुसऱ्या ठिकाणी जाऊन इतरांना शिकवणार. दिव्याने दिवा लावावा तसे हे काम पसरले.

सगळेच यशस्वी झाले असे नाही. लंडनच्याच दुसऱ्या एका रुग्णालयात तिच्या निधीतून सुईणींचे शिक्षण सुरू झाले होते. तिथे बाळंतिणी तापाने दगावू लागल्या, तेव्हा १८६७ साली ते बंद करावे लागले. तिने पुन्हा आकडे गोळा केले आणि १८७१ साली त्यावर पुस्तक लिहिले. चूक झाली तर झाकायची नाही, मोजायची, हा तिचा शिरस्ता होता.

लिव्हरपूल शहरातले व्यापारी विल्यम रॅथबोन यांच्या मदतीने घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांची योजना आखली गेली. तिथल्याच गरिबांच्या इस्पितळात १८६५ साली अ‍ॅग्नेस जोन्स ही परिचारिका गेली. तीही काइझर्सवेर्थला शिकली होती. तीन वर्षांनी टायफसच्या तापाने ती तिथेच वारली.

आणि आपला भारत? फ्लॉरेन्स भारतात कधीच आली नाही. पण तिने तिथल्या लष्करी छावण्यांना प्रश्नांचे कागद पाठवले आणि आलेल्या उत्तरांचे ढीग वाचून काढले. भारतातल्या इंग्रज सैन्यात वर्षाला दर हजारी ६९ शिपाई मरतात, आणि त्याचे कारण मुख्यतः घाणेरडे पाणी व गटारे, असे १८६३ च्या सरकारी अहवालातून पुढे आले. दहा वर्षांनी तो आकडा सुमारे १८ वर उतरला होता. मग तिचे लक्ष शिपायांवरून खेड्यांकडे वळले. पाटाचे पाणी, दुष्काळ, शेतकऱ्यांचे कर्ज यांवर ती लिहू लागली. दादाभाई नौरोजींशी तिचा परिचय होता, आणि त्यांनी लंडनमध्ये निवडणूक लढवली तेव्हा तिचा त्यांना पाठिंबा होता.

एका परिचारिकेने किती कामे केली, मोजा बरे. रोग्याची सेवा, रुग्णालयाची व्यवस्था, आकडेशास्त्र, इमारतींचे आराखडे, शिक्षण, सुईणींचे काम, घरोघरची सेवा, सार्वजनिक आरोग्य.

तिच्या आईचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. लेकीचे नाव झाल्यावर आईला अभिमान वाटलाच. म्हातारपणी आईची नजर गेली. तेव्हा कामाचे ढीग बाजूला ठेवून फ्लॉरेन्स तिच्याजवळ महिनोन्‌महिने राहिली. १८८० साली आई गेली. जे काम करायला आईने मनाई केली होती, तेच शेवटी आईच्या वाट्याला आले.

१३ ऑगस्ट १९१० रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल वारल्या. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत राजेरजवाड्यांच्या शेजारी त्यांना जागा मिळत होती. घरच्यांनी ती नाकारली. गावच्या चर्चजवळ त्यांची समाधी आहे. तिच्यावर नावाची दोन आद्याक्षरे आणि दोन तारखा, एवढेच कोरले आहे. त्यांचा वाढदिवस, १२ मे, हा जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात.

बर्लिन आणि पुणे

काइझर्सवेर्थचा दिवा इंग्लंडला गेला, तसा तो जर्मनीतही पुढे चालत राहिला. डायकोनिस स्त्रियांना राहणे-जेवणे मिळे, म्हातारपणीची सोय असे, पण खरा पगार नसे. ज्या स्त्रिया अशा संस्था सोडून स्वतंत्रपणे काम करीत, त्यांना आजारपणात वा म्हातारपणी कोणी वाली नव्हता. ल्युनेबुर्गजवळ १८६८ साली जन्मलेल्या आग्नेस कार्ल यांनी स्वतः अशी खासगी परिचारिका म्हणून कष्ट काढले होते. १९०३ साली त्यांनी बर्लिनमध्ये परिचारिकांची संघटना स्थापन केली. कामाचे तास, विमा, नीट शिक्षण यांसाठी त्या झगडल्या. सेवा ही सेवा असली तरी तो पोटापाण्याचा व्यवसायही आहे, हे त्यांनी पटवून दिले.

आपल्या पुण्यातही असेच घडत होते. १८९७ साली प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई फुले मुलगा डॉक्टर यशवंत याच्या दवाखान्यात रोग्यांना नेत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. पुढे रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. तिथल्या स्त्रियांना, त्यांत कित्येक विधवा होत्या, त्यांनी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवले. परक्या पुरुषांना हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रोग्याचे करायचे, रात्री कामावर राहायचे! पुण्यात केवढी टीका झाली. रमाबाई डगमगल्या नाहीत. सॉल्झबरी गावाजवळच्या बंगल्यातली भीती आणि पुण्याच्या वाड्यातली भीती, दोन्ही सख्ख्या बहिणीच होत्या.

पालकांसाठी दोन शब्द

आज जर्मनीत रुग्णालयात गेलात, तर या सगळ्या वाटा चालताना दिसतील. १९६० च्या दशकापासून केरळातल्या अनेक मुली इथे परिचारिका म्हणून आल्या, आणि त्यांनी इथली इस्पितळे सांभाळली. २०२० पासून इथे मोठ्यांची, मुलांची आणि वृद्धांची शुश्रूषा यांचे एकत्र तीन वर्षांचे शिक्षण मिळते, आणि त्या काळात पगारही मिळतो. विद्यापीठात जाऊन पदवीही घेता येते. पुढे अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया, कर्करोग, मानसिक आजार, तातडीचे उपचार, शेवटच्या दिवसांतल्या रोग्यांची सोबत, संसर्ग रोखणे, शिकवणे, व्यवस्था पाहणे, यांपैकी हवी ती शाखा निवडता येते. सुईणीचे, म्हणजे इथल्या हेबामचे शिक्षण तर आता विद्यापीठातच होते. आणि हे सगळे मुलग्यांनाही तितकेच खुले आहे.

काम सोपे नाही. रात्रपाळ्या असतात, पाठ दुखते, मन थकते. मुलांना तेही सांगावे. पण एखाद्या मुलाने वा मुलीने हा विषय काढला, तर घरात आठ वर्षांची शांतता पसरू नये. आधी विचारावे, यातली कोणती वाट तुला आवडते?

आणि मुलांनो, तुम्ही एक करा. ड्युसेलडोर्फला गेलात, तर यू ७९ गाडीने काइझर्सवेर्थला उतरा. ऱ्हाईनकाठी बार्बारोसा बादशहाच्या वाड्याचे पडके दगड आहेत, ते पाहा. तिथल्या रुग्णालयाला फ्लॉरेन्स नाइटिंगेलचेच नाव दिलेले आहे. मग नदीकाठच्या रस्त्याने थोडे चाला. याच काठी एकतीस वर्षांची एक विद्यार्थिनी आजारातून उठलेल्या मुलांना फिरायला आणीत होती, आणि आईच्या होकाराची वाट पाहत होती.